ऑनलाइन साधनांची पारख : शिक्षकांच्या हाती काय टिकते, काय निसटते

प्रश्नमंजुषा तयार करून देणारे संकेतस्थळ, गृहपाठ गोळा करणारा आभासी वर्ग, कामांची यादी सांभाळणारे ॲप आणि पालकांपर्यंत सूचना पोहोचवणारा समाजमाध्यमावरील गट ही साधने देशभरातील शिक्षकांच्या दैनंदिन कामात आता रुळली आहेत. त्यांपैकी बहुतेक विनामूल्य मिळतात आणि काही मिनिटांत सुरू करता येतात. त्यामुळे ती निवडताना फारसा विचार होत नाही. परंतु पैसे द्यावे लागले नाहीत तरी साधन शिकण्यात जाणारा वेळ, त्यात साठवलेले वर्षभराचे श्रम आणि त्याच्या स्वाधीन केलेली विद्यार्थ्यांची माहिती या रूपाने किंमत मोजावीच लागते. एखादे नवे साधन वापरून पाहणे म्हणजे नेमके काय पाहणे, ते कधी स्वीकारावे आणि कधी सोडून द्यावे, याचा हा आढावा.

साधनांचा पूर कसा आला

मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन अध्यापन ही एका रात्रीत निकड बनली. तत्पूर्वी देशात पायाभरणी झाली होती. ९ जुलै २०१७ रोजी उच्च शिक्षणासाठीचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले, तर ५ सप्टेंबर २०१७ रोजी शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ व्यासपीठाचा प्रारंभ झाला. साथीच्या काळात मे २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम ई-विद्या’ उपक्रम जाहीर केला आणि इयत्तानिहाय दूरचित्रवाणी वाहिन्यांची जोड त्याला दिली. या सार्वजनिक व्यवस्थेच्या बरोबरीने खासगी कंपन्यांची शेकडो साधने शाळांपर्यंत पोहोचली. निवड करण्याइतका अवधी कोणाकडेच नव्हता. जे हाताशी आले, ते वापरले गेले.

आता परिस्थिती बदलली आहे. शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार इंटरनेट सुविधा असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होते, ते २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्क्यांवर गेले. याचा दुसरा अर्थ असा की, तीनपैकी एकाहून अधिक शाळांत अद्याप इंटरनेट नाही. घरी मात्र चित्र वेगळे आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाविषयीच्या ‘असर २०२४’ सर्वेक्षणात जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी सर्वेक्षणापूर्वीच्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. उपकरण घरात आले म्हणजे शिक्षण आले, असे होत नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

आधी काम, मग साधन

साधनांच्या निवडीत होणारी सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. एखाद्या प्रशिक्षणात किंवा चित्रफितीत नवे ॲप दिसते, ते आकर्षक वाटते आणि मग वर्गात त्याचा उपयोग शोधला जातो. योग्य क्रम याच्या उलट आहे. कोणती अडचण सोडवायची आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘दहावीच्या मुलांना भूमितीची प्रमेये आठवडाभरानंतर आठवत नाहीत’ ही अडचण आहे. ‘वर्ग अधिक डिजिटल करायचा आहे’ ही अडचण नव्हे. पहिल्या वाक्याला साधन शोधता येते आणि ते उपयोगी पडले की नाही, हेही तपासता येते. दुसऱ्या वाक्याला कोणतेही साधन चालते, म्हणून त्याची पारख करण्याचा मार्गच उरत नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये या विषयावर मांडलेली उपमा प्रसिद्ध आहे. किराणा माल घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे जसे लोकांचे पोषण सुधारत नाही, तसे केवळ माध्यम बदलल्याने शिक्षण सुधारत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ट्रकमध्ये काय आहे, हे महत्त्वाचे. या मतावर पुढे बराच वाद झाला. तरीही त्यातील एक इशारा आजही लागू पडतो. नवे साधन वर्गात आले की सुरुवातीला मुलांचा उत्साह वाढतो, परंतु त्यातील बराचसा भाग निव्वळ नावीन्याचा असतो आणि काही आठवड्यांत तो ओसरतो. पहिल्या दिवशीच्या टाळ्यांवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेताची जोड देण्याचा त्यांचा प्रयोग सर्वत्र गाजला. मात्र त्यांच्या प्रयोगाचा आरंभ तंत्रज्ञानापासून झाला नव्हता. मुलांची घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी होती. ती अडचण ओळखून त्यांनी मुलांची भाषा शिकून घेतली, मजकूर मुलांना समजेल अशा रूपात आणला आणि त्यानंतर ध्वनी व चित्रफितींपर्यंत पोहोचण्याचा सोपा रस्ता म्हणून क्यूआर संकेत वापरला. अडचण आधी आणि साधन मागाहून, हा क्रम येथे दिसतो.

अध्यापनाची साधने : काय मोजावे

अध्यापनाच्या साधनांत प्रश्नमंजुषा हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. गुगल फॉर्म्स, नॉर्वेतून आलेले कहूत आणि त्याच देशात विकसित झालेले एचफाइव्हपी हे मुक्तस्रोत साधन ही त्याची परिचित उदाहरणे. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामस यांनी सुरू केलेल्या आणि २००२ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या ‘मूडल’ या मुक्तस्रोत प्रणालीतही प्रश्नसंचाची उत्तम सोय आहे.

प्रश्नमंजुषेच्या उपयुक्ततेला संशोधनाचा आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. शिकण्याच्या पद्धतीविषयीचा हा निष्कर्ष साधनाच्या चाचणीलाही लागू पडतो. ॲप वापरल्यावर लगेच घेतलेली परीक्षा फसवी ठरू शकते. नवे साधन वापरून शिकवलेला घटक आणि नेहमीच्या पद्धतीने शिकवलेला तेवढाच घटक घेऊन दोन्हींची छोटी चाचणी किमान आठवड्यानंतर, पूर्वसूचना न देता घ्यावी. त्यातून मिळणारे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असते.

साधनाची अंगभूत रचनाही पारखून घ्यावी लागते. कहूतच्या नेहमीच्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. ज्याच्या फोनला नेटवर्क कमी आहे किंवा जो विचार करून उत्तर देतो, तो विद्यार्थी अशा रचनेत मागे पडतो. उजळणीच्या खेळासाठी हे चालून जाईल, मूल्यमापनासाठी नाही. गुगल फॉर्म्समध्ये लघुत्तरी प्रश्न आपोआप तपासायचा असेल, तर शिक्षकाने दिलेल्या उत्तराशी विद्यार्थ्याचे उत्तर जुळावे लागते. उत्तर म्हणून केवळ ‘दिल्ली’ नोंदवलेले असेल आणि विद्यार्थ्याने ‘नवी दिल्ली’ लिहिले, तर ते चूक धरले जाते. एकाने मराठी आकडा आणि दुसऱ्याने इंग्रजी आकडा लिहिला, तरी संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी उत्तरे होतात. स्वीकारार्ह उत्तरांचे सर्व पर्याय आधी नोंदवण्याची सोय असते, परंतु ती वापरावी लागते, याची जाणीव बहुधा निकाल लागल्यानंतर होते.

श्रमाचा हिशेबही कागदावर मांडावा. समजा, ४० विद्यार्थ्यांच्या वह्या प्रत्येकी ३ मिनिटांप्रमाणे तपासायला १२० मिनिटे लागतात. तीच चाचणी ऑनलाइन घेताना प्रश्न भरायला ९० मिनिटे, लिंक न उघडणाऱ्या पालकांच्या शंकांना ३० मिनिटे आणि चुकीची धरलेली उत्तरे दुरुस्त करायला २० मिनिटे गेली, तर एकूण १४० मिनिटे होतात. म्हणजे पहिल्या वेळी २० मिनिटांचा तोटाच झाला. तोच प्रश्नसंच पुढच्या वर्षी १५ मिनिटांत अद्ययावत करून वापरला, तर हिशेब ६५ मिनिटांवर येतो आणि ५५ मिनिटे वाचतात. थोडक्यात, ऑनलाइन साधनाचा खरा लाभ पुनर्वापरात आहे. पुनर्वापर होणार नसेल, किंवा पुढच्या वर्षी ते साधनच उरणार नसेल, तर वही आणि लाल पेन स्वस्त पडते.

मराठीची कसोटी

बहुतांश साधने इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घडवलेली असतात. त्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळांनी, मग त्या महाराष्ट्रातील असोत वा गोवा किंवा बेळगाव येथील, आणखी एक चाचणी घेणे आवश्यक ठरते. त्यासाठी एक लहान उतारा तयार ठेवावा. त्यात ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ॲ’, ‘ऑ’ ही अक्षरे, एखादे लांबलचक जोडाक्षर आणि आडवा रफार असलेले शब्द असावेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्या त्यासाठी उत्तम आहेत. आचार्य शिकवतात आणि आचारी स्वयंपाक करतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरांत असतात. जे साधन या जोड्यांतील फरक राखू शकत नाही, ते मराठी भाषेच्या तासाला निरुपयोगी आहे.

हा उतारा साधनात टाकून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मजकूर पडद्यावर नीट दिसतो का, की जोडाक्षरे तुटून पाय मोडलेली अक्षरे दिसतात. दुसरी, त्याची पीडीएफ प्रत काढल्यावर तिच्यातील शब्द शोधता येतात का आणि तेथून उचललेला मजकूर दुसरीकडे तसाच उमटतो का. तिसरी, यादी अकारविल्हे लागते का. चौथी, स्वस्त व जुन्या फोनवर तोच मजकूर तसाच दिसतो का.

शोध न लागण्यामागे एक तांत्रिक कारण असते. युनिकोडमध्ये आडवा रफार दोन प्रकारे नोंदवता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती निराळी असतात. एका शिक्षकाने एका कळफलकावर टाइप केलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून शोधला, तर तो सापडत नाही. प्रश्नमंजुषेत हाच प्रकार घडला, तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलाला शून्य गुण मिळतात. अशा शब्दांची उत्तरे पर्यायांतून निवडायला देणे हा त्यावरील साधा उपाय आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकांचा प्रश्न याहून मोठा आहे. तो मजकूर ऑनलाइन साधनात चिकटवला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ उरते. असे जुने साहित्य आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच नव्या साधनाकडे वळावे.

दृष्टिबाधित विद्यार्थी वर्गात असल्यास पडदावाचकाची चाचणीही घ्यायला हवी. ‘एनव्हीडीए’ हा मुक्तस्रोत पडदावाचक विनामूल्य मिळतो आणि त्यावर मराठी वाचनाची सोय करता येते. प्रश्न चित्राच्या रूपात टाकलेला असेल, तर तो वाचला जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने समावेशक शिक्षणाची जबाबदारी शैक्षणिक संस्थांवर टाकली आहे. त्यामुळे साधनाची सुगमता हा केवळ सौजन्याचा विषय राहत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांना हीच कसोटी अधिक कठोरपणे लावावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर प्रश्न, सारांश, पाठटाचण क्षणात लिहून देणाऱ्या सेवांची रीघ लागली. त्यांच्या साह्याने प्रश्नांचा कच्चा मसुदा लवकर तयार होतो. परंतु अशी साधने चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देतात आणि त्यांच्या मराठी वाक्यांत इंग्रजी रचना डोकावते. प्रत्येक सनावळी, सूत्र आणि उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय ते वर्गात नेणे योग्य नव्हे. तपासण्यासाठी लागणारा वेळ हिशेबात धरल्यावरही बचत होत असेल, तरच त्याचा उपयोग आहे.

कामाची आखणी करणारी साधने

उत्पादकतेच्या नावाखाली मिळणारी बहुतेक ॲप जुन्याच कल्पनांवर उभी आहेत. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘पोमोदोरो’ पद्धत मांडली. २५ मिनिटे एकाग्र काम आणि ५ मिनिटे विश्रांती, एवढीच ती पद्धत. तिचे नावही टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून पडले. २०११ मध्ये आलेल्या ‘ट्रेलो’सारख्या फलकांचे मूळ जपानच्या टोयोटा कारखान्यातील ‘कानबान’ पद्धतीत आहे. करायचे, सुरू असलेले आणि पूर्ण झालेले अशा तीन स्तंभांत कामाच्या चिठ्ठ्या सरकवणे हे तिचे सार आहे. ठरावीक अंतराने उजळणी करून घेणाऱ्या ‘अंकी’सारख्या साधनामागेही जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले विस्मरणाचे संशोधन आहे.

म्हणून येथे चाचणी पद्धतीची घ्यावी, ॲपची नंतर. भिंतीवरील घड्याळ लावून आठवडाभर २५ मिनिटांचे तुकडे पाडून पाहावेत. कागदाच्या चिठ्ठ्या तीन स्तंभांत लावून पाहाव्यात. पद्धत मानवली, तर ॲपमुळे सोय वाढेल. पद्धतच मानवली नाही, तर ॲपमुळे ती मानवणार नाही. शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. तासिकांचे वेळापत्रक, परिपाठ, पोषण आहाराची नोंद आणि अचानक मागवली जाणारी माहिती यांमुळे शिक्षकाच्या दिवसाचा फार थोडा भाग त्याच्या हाती असतो. सलग वेळ गृहीत धरणारी साधने अशा दिवसात टिकत नाहीत. तेथे एकच यादी, एकच दिनदर्शिका आणि सर्व सहकाऱ्यांना दिसणारी एक सामायिक तक्ताफाइल एवढे पुरेसे ठरते. तीच माहिती दोन ठिकाणी भरावी लागत असेल, तर साधनाने काम वाढवले असे समजावे.

समाजमाध्यमे : पोहोच आणि जबाबदारी

समाजमाध्यमांचा शैक्षणिक वापर करताना प्रथम एक भेद स्पष्ट असावा. सूचना देणे, चर्चा करणे आणि शाळेच्या कामाची प्रसिद्धी करणे ही तीन वेगळी कामे आहेत. तिन्ही कामे एकाच व्हॉट्सॲप गटावर केली, की सुविचारांच्या गर्दीत परीक्षेचे वेळापत्रक हरवते. साध्या गटात प्रत्येक सदस्याचा दूरध्वनी क्रमांक इतर सर्वांना दिसतो. पालकांच्या गटात अनोळखी लोकांना क्रमांक उघड होणे ही किरकोळ बाब नव्हे. केवळ सूचना द्यायच्या असतील, तर २०२३ मध्ये भारतात आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलचा पर्याय आहे. तेथे अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक परस्परांना दिसत नाहीत. मात्र चॅनेलवरील मजकूर खासगी नसतो. त्यावर मुलांची नावे, गुण किंवा छायाचित्रे टाकू नयेत.

विद्यार्थ्यांची छायाचित्रे हा या क्षेत्रातील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. स्नेहसंमेलनाचे छायाचित्र, त्याखाली मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळेचे ठिकाण एवढी माहिती एकत्र प्रसिद्ध झाली, की त्या मुलाचा ठावठिकाणा कोणालाही कळतो. पालकांची लेखी संमती घेणे, नाव आणि चेहरा एकत्र न देणे आणि वर्ष संपल्यावर जुनी छायाचित्रे काढून टाकणे हे तीन नियम कोणत्याही शाळेला खर्चाविना पाळता येतात. खात्याच्या सुरक्षिततेसाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी आणि शाळेचे खाते एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक क्रमांकाशी जोडू नये. तो शिक्षक बदलून गेला की खातेही त्याच्याबरोबर जाते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीवर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

कायदा काय सांगतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बालकाची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे बंधन त्यात आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना अध्यापन आणि मुलांची सुरक्षितता या हेतूंपुरती काही सवलत नियमांत दिली आहे. मुलांविषयीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम खात्यासाठी स्वतःच्या नियमानुसार किमान १३ वर्षे वय मागतात, तर भारतीय कायद्याची मर्यादा १८ आहे. कंपनीने खाते उघडू दिले म्हणजे कायद्याची पूर्तता झाली, असा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. ही चिंता केवळ तात्त्विक नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने साथीच्या काळात ४९ देशांत वापरल्या गेलेल्या ऑनलाइन शिक्षण साधनांची तपासणी करून मे २०२२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील दहापैकी जवळपास नऊ साधनांची माहिती हाताळण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक असल्याचे त्यात म्हटले होते.

शिक्षकाच्या पातळीवर यातून एक साधा नियम निघतो. चाचणीच्या काळात खऱ्या विद्यार्थ्यांची माहिती देऊच नये. हजेरी क्रमांक किंवा टोपणनावे वापरावीत. जे साधन प्रश्नमंजुषेसाठी फोनमधील संपर्कयादी, ठिकाण किंवा ध्वनिग्राहकाची परवानगी मागते, ते तेथेच बाजूला ठेवावे.

साधन बंद पडते तेव्हा

वापरून पाहण्याच्या उत्साहात सर्वांत कमी विचार शेवटाचा होतो. २००८ मध्ये स्थापन झालेले ‘एडमोडो’ हे शाळांसाठीचे व्यासपीठ अनेक देशांतील शिक्षकांच्या नित्य वापरात होते. २२ सप्टेंबर २०२२ रोजी ते बंद झाले. गुगलचा आभासी फळा ‘जॅमबोर्ड’ साथीच्या काळात लोकप्रिय झाला. २०२४ च्या अखेरीस तोही थांबला. कामांची यादी सांभाळणारे ‘वंडरलिस्ट’ मे २०२० मध्ये, वाचनासाठी लेख जपून ठेवणारे ‘पॉकेट’ जुलै २०२५ मध्ये आणि दूरस्थ संवादाचे प्रतीक बनलेले ‘स्काइप’ मे २०२५ मध्ये बंद झाले. समाजमाध्यमांत ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्ये, ‘गुगल प्लस’ एप्रिल २०१९ मध्ये आणि भारतीय भाषांचे व्यासपीठ म्हणून पुढे आलेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये इतिहासजमा झाले.

काही वेळा साधन सुरू राहते, पण नियम बदलतात. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एव्हरनोट’ने विनामूल्य खात्यावर ५० नोंदींची मर्यादा घातली. शैक्षणिक संस्थांना गुगलकडून मिळणारी अमर्याद साठवणूक संपून सामायिक १०० टेराबाइटची मर्यादा आली. कधी निर्णय सरकारचा असतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉकबरोबरच कागदपत्रांची छायाप्रत काढण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘कॅमस्कॅनर’ही होते. या सर्व घटनांमागील कारणे वेगवेगळी आहेत. वापरकर्त्याच्या हाती मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न उरतो : आपले काम बाहेर काढता येते का?

हा प्रश्न शेवटी विचारायचा नसून पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. खाते उघडल्यावर तीन प्रश्नांचा छोटा संच तयार करावा आणि लगेच तो बाहेर काढून पाहावा. तो सीएसव्ही किंवा तत्सम खुल्या स्वरूपात मिळत असेल, तर दुसऱ्या साधनात भरता येतो. केवळ चित्र किंवा पीडीएफ मिळत असेल, तर तो पुन्हा टाइप करावा लागेल. काहीच बाहेर निघत नसेल, तर तेथे वर्षभराचे काम साठवू नये. खाते कायमचे हटवता येते का आणि हटवल्यावर विद्यार्थ्यांची माहिती पुसली जाते का, हेही तेव्हाच पाहावे. या निकषावर मूडलसारखी मुक्तस्रोत साधने आणि दीक्षासारखी, मुक्तस्रोत पायावर उभी असलेली सार्वजनिक व्यासपीठे उजवी ठरतात. दीक्षातील साहित्य आधी उतरवून घेऊन इंटरनेटविना पाहता येते आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत वाचला जात नसेल, तर त्याखाली छापलेली अक्षरे व अंक टाइप करूनही त्या पाठापर्यंत पोहोचता येते. दुर्गम शाळेसाठी ही सोय आकर्षक रंगसंगतीपेक्षा मोलाची आहे.

चाचणीचा आराखडा

वरील सर्व निकष एकत्र केले, तर शाळेला सहज राबवता येईल असा आराखडा तयार होतो. एका वेळी एकच साधन, एकच वर्ग आणि एकच घटक निवडावा. मुदत आधीच ठरवावी. एखाद्या सत्रातील सहा ते आठ आठवडे पुरेसे आहेत, कारण तोवर नावीन्य ओसरलेले असते. पहिल्या दिवशी मराठीचा उतारा, जुना फोन, मंद नेटवर्क आणि मजकूर बाहेर काढण्याची सोय एवढे तपासावे. त्यात उणे पडलेले साधन वर्गात नेऊच नये. पुढील आठवड्यांत शिक्षकाचा लागलेला वेळ, सहभागी होऊ न शकलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि आठवड्यानंतरच्या चाचणीचे गुण या तीनच नोंदी ठेवाव्यात. सहभागी न झालेल्यांची नोंद विशेष महत्त्वाची असते. ज्यांना साधन वापरता आले, त्यांची सरासरी नेहमीच चांगली दिसते. ज्याच्या घरी एकच फोन असून तो वडील कामावर घेऊन जातात, तो विद्यार्थी त्या सरासरीत कोठेच दिसत नाही.

मुदत संपल्यावर निर्णय लेखी नोंदवावा. साधन स्वीकारले की सोडले, यापेक्षा कोणत्या कारणाने, हे लिहिणे आवश्यक आहे. शाळेत अशी एक नोंदवही राहिली, तर बदलून आलेल्या शिक्षकाला तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागत नाही आणि ‘सर्वजण वापरतात’ या कारणावरून शाळेवर नवे साधन लादले गेल्यास मुख्याध्यापकांकडे उत्तर असते. देशातील मोठ्या कंपन्या आपल्या उत्पादनांची चाचणी घेण्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवतात. शाळेला ते शक्य नाही. तिच्याजवळ खडू-फळ्याच्या अनुभवातून आलेली एक वेगळी जाण आहे : वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत काय पोहोचले, हे शिक्षकाला कळते. ऑनलाइन साधनाची अखेरची कसोटीही तीच आहे आणि ती लावण्याचा अधिकार साधन बनवणाऱ्याकडे नसून वर्ग सांभाळणाऱ्याकडे आहे.